नव्या टायरला आवतन

मस्कतच्या वर्कशॉपात सात वर्षं काढून परतलेल्या श्रीकांतने बरोबर सोनं आणलं नाही, टीव्ही आणला नाही. आणली ती साडेसातशे सीसीची जपानी मोटारसायकल. अडीच क्विंटल वजन, चार सिलिंडर, आणि आवाज असा की ती नदीपलीकडे सावरगावच्या बाजूला चालू झाली तर इकडे पांढुर्ण्याच्या बाजारात माणसं तराजू हातात तसाच धरून ऐकत राहायची. पंच्याऐंशी सालच्या या मुलखात बुलेट म्हणजे मोठेपणाची हद्द होती. हे प्रकरण हद्दीच्या पार पलीकडचं. श्रीकांतची आई अंबाबाई तर गाडीसमोरून जाताना अजूनही पदर सावरून घेत असे.

पण गाडी महिनाभर कोठ्यात, बैलांच्या शेजारी, उभी होती, कारण तिचे टायर गेले होते. नक्षी दिसायला शाबूत, पण रबर शिळ्या भाकरीसारखं वाळून कडेला चिरलेलं. असल्या टायरांवर श्रीकांत एकटा कसाबसा गेला असता. बापाला मागे बसवून मुळीच नाही. आणि बापाला बसवायचंच होतं.

बाप म्हणजे दादाजी. तरुणपणी ते रस्त्याच्या कामावर बैलगाडीने गिट्टी, म्हणजे खडी, वाहत. छिंदवाड्याच्या वाटेवरचा सिल्लेवानीचा घाट रुंद झाला तेव्हा त्यातली कितीतरी गिट्टी त्यांच्याच बैलांनी वर ओढली होती. भरली गाडी दर वळणावर थांबे, चाकाखाली दगड लावावा लागे, बैलांना दम द्यावा लागे. आता काचबिंदूने त्यांची नजर चालली होती. नागपूरच्या डॉक्टरने सांगून टाकलं होतं, आहे तेवढी जपा, गेलेली परत येत नाही. तेव्हापासून म्हाताऱ्याने एकच ध्यास घेतला होता. तो घाट एकदा कुठेही न थांबता चढायचा, डोळे आहेत तोवर.

"मोटरीनं चला ना, बाबा. रोज जाते छिंदवाड्याले," श्रीकांत म्हणाला होता.

"मोटरीत घाट दिसत नाई रे बाबू, पुढच्याचं टकुरं दिसते."

तर टायर. सौंसरला उत्तमचं टायरचं दुकान होतं. दोघं शाळेपासूनचे मित्र. उत्तमने मोठ्या प्रेमाने एक जाडजूड टायर समोर आपटला. "हा घे. लोडिंगच्या गाडीचा आहे. तुह्या पोराच्या लग्नापर्यंत झिजला तं माह्यं नाव बदल."

श्रीकांतने त्यावर अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. नख वाकलं, रबर हललं नाही.

"तेच तं वांधे आहेत, उत्तम. झिजत नाई तो रस्ता धरत नाई. ओल्या घाटात हा साबणासारखा घसरीन. मले नरम पाहिजे."

"नरम घेशील तं वर्षात टक्कल पडीन त्याले!"

"पडू दे."

उत्तमने कपाळाला हात लावला, पण नागपूरला निरोप धाडला. पोळ्याच्या तीन-चार दिवस आधी जोडी आली. कडेचे आकडे वाचून, वजन पेलण्याचा हिशेब दोनदा बघून श्रीकांतने ती स्वतःच्या हाताने बसवली. काम झालं तसे दादाजी कोठ्यात आले, चाकाशी बसले आणि टायरवरून हात फिरवू लागले. फिरता हात एकदम थांबला.

"केसं आहेत रे याले!"

नव्या रबरावर साच्यातून आलेले बारीक बारीक तंतू असतात, तेच ते. दादाजींच्या चेहऱ्यावर असं काही आलं की श्रीकांतला साच्याची गोष्ट सांगवेना. म्हातारा बोटांच्या टोकांनी ते तंतू कुरवाळत होता. "नव्या वासरासारखी लव आहे," ते म्हणाले. इतकी ताकदीची गाडी, आणि तिची सगळी मदार या चार बोटांच्या मऊ रबरावर, हे कळल्यावर त्यांनी चाकाला चक्क नमस्कार केला.

पोळ्याच्या सकाळी श्रीकांत नवे टायर चालवून पाहायला एकटाच निघाला. गाडी अंधाऱ्या कोठ्यातून अंगणाच्या फरशीवर आली, त्याने जराशी रेस दिली, आणि मागचं चाक जागच्या जागी गरगरून बाजूला पळालं. अडीच क्विंटलचं धूड त्याला घेऊन आडवं झालं. गुडघा सोलला. उठून पाहतो तर टायर पिवळेधमक, तुपाने माखलेले.

"बाबा!"

दादाजी बैलांना पाणी दाखवून येत होते. ते उलट त्याच्यावरच उखडले. "अरे, आज पोळा आहे! आज कायले जुंपून राहिला त्याले? काल आवतन देल्लं न मी!"

झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी रीतीप्रमाणे त्यांनी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली, ते पळसाच्या पानांनी शेकले, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं त्यांच्या कानात सांगितलं. मग तसेच गाडीपाशी जाऊन दोन्ही टायरांना तूप-हळद चोळून त्यांनाही जेवायचं आमंत्रण देऊन आले.

श्रीकांत संतापला. "मरण ओढवलं असतं! तुपावर चाक टिकते काय? घाटात झालं असतं म्हणजे?"

"खांदा तोच न त्याचा," दादाजी हळूच म्हणाले. "वझं त्याच्यावरच तं येते."

पोळ्याच्या दिवशी दुसऱ्या कुठल्या गावात पोराने बापाशी असं भांडण केलं असेल, देव जाणे! अख्खी दुपार तो राख, रिठा आणि गरम पाणी घेऊन टायर घासत बसला. अंबाबाई हसू दाबत पुरणपोळ्या लाटत होती.

दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दोन गावांनी एकमेकांवर दगड फेकायची जत्रा. सगळं गाव जाम नदीकडे लोटलं आणि सौंसरचा रस्ता मोकळा पडला. श्रीकांतने नव्या टायरांना रस्त्याची ओळख होईतो गाडी दामटली नाही. संत्र्याचे बगीचे गेले, सौंसर गेलं, रामाकोना गेलं. दादाजी त्याच्या कमरेला धरून बसले होते.

घाट लागला आणि ते बोलू लागले.

"आता उजवं वळण. मोरी येईन." मोरी आली. "इथी उतार आतल्या अंगाले आहे, घे बिनधास्त." गाडी झुकली, टायरांनी ओला रस्ता घट्ट धरला आणि इंजिनाचा आवाज सागाच्या रानातून परत आला. "आता लंबा चढ. इथी ढवळ्या बसला होता माह्या." एकेक वळण त्यांनी सांगावं आणि ते तसंच समोर यावं. एवढी मोठी गाडी श्रीकांतच्या हातात होती, पण चालवत होते दादाजीच. कुठेही न थांबता, कुठेही पाय न टेकता ते माथ्यावर पोचले.

गाडी बंद झाली. दादाजी उतरून दरीकडे तोंड करून उभे राहिले.

"धुकं लय आहे न रे आज?"

श्रीकांतने पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. खालपर्यंत एकूण एक वळण उन्हात चमकत होतं. नजर केव्हा गेली? टायरचे केस यांनी पाहिले नव्हते, चाचपले होते.

"हो बाबा. लय धुकं आहे."

दादाजी हसले. "पाठीवर ऊन लागून राह्यलं, बाबू. खोटं नको बोलू." त्यांनी चाचपत चाकापर्यंत हात नेला. "पण दिसला घाट. याच्यातून वर येत गेला, गिट्टी न गिट्टी. पुरा दिसला."

त्यांची बोटं गरम टायरवर फिरली. "मधले केसं झिजले. लागलं वासरू कामाले." मग खिशातून कागदात बांधलेली पुरणपोळी काढली. "आवतन देऊन काल उपाशी ठेवलं आपण याले."

पोळीवर तूप चांगलं थबथबलेलं होतं. श्रीकांतने बापाचं मनगट धरलं आणि हात टायरच्या बाजूच्या अंगाकडे नेला.

"इथी लावा, बाबा. कडेले. हे रस्त्याले लागत नाई."