श्वासाला जांभळाचा वास

"वास येतोय? येतोय ना?"

ओवे गावातल्या त्या हॉलमध्ये दोनशे माणसं माना डोलवत होती. स्टेजवर साठीच्या गोदूबाई उभ्या होत्या. पांढऱ्या कोटातला दिनानाथ माइकवर ओरडत होता, "दहा दिवसांत सहा किलो! आमच्या जांभूळ अर्कातले अँटिऑक्सिडंट चरबी वितळवतात आणि फळाचा सुगंध थेट श्वासात उतरतो. विज्ञान आहे हे, मंडळी, विज्ञान!"

विज्ञान म्हणे! पनवेलला माझी रक्ततपासणीची छोटी लॅब आहे. कोट मीही घालते, म्हणून काही डॉक्टर होत नाही.

मला तिथे ओढून आणलं होतं गोदूबाईंच्या सुनेनं, दिपिकानं. "वसुंधराताई, आई दिवसभर पाणी पितात, सारख्या बाथरूमला पळतात. धड उभं राहवत नाही. म्हणतात, अर्क लागू पडला."

"आणि त्यांचं मधुमेहाचं इन्सुलिन?"

"बंद केलंय. हा दिनानाथ म्हणाला, सुईनं चरबी वाढते." तिला रडू आवरेना.

मी तडक स्टेजवर गेले. "या, ताई, तुम्हीही वास घ्या!" दिनानाथ खूश होऊन म्हणाला.

घेतला. जास्त पिकलेल्या फळासारखा गोडसर वास. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. गोदूबाईंचे ओठ सुकले होते आणि त्या भराभर, खोल श्वास घेत होत्या.

"मावशी, बसा. बोट द्या जरा."

"नको गो पोरी. जांबलानं साखर उतरते, माजी आय सांगायची. बघ, कवरी हलकी झालीय मी."

"अर्क चालू असताना मशीन चुकीचं दाखवतं!" दिनानाथ मध्ये पडला.

"अगं बाई! मघाशी विज्ञान होतं, आता मशीनच खोटं?" मी बोट टोचलं. साखर चारशे शहाऐंशी.

"शुद्धीकरण चाललंय! दुप्पट डोस द्या!" त्यानं बाटली गोदूबाईंच्या तोंडाला लावली. दिपिकानं ती हिसकावून घेतली. तेवढ्यात गोदूबाईंचे गुडघेच दुमडले.

मी माइक ओढला. "अहो, हा जांभळाचा वास नाही! इन्सुलिन नसलं की साखर रक्तातच पडून राहते, अंगाला लागत नाही. मग उपाशी शरीर आपलीच चरबी जाळत सुटतं आणि रक्तात आम्ल साठतं. त्या आम्लाचा हा वास आहे. सहा किलो गेले ते जास्त करून अंगातलं पाणी आणि मांस. ही बाई बरी होत नाहीये, मरतेय! गाडी काढा!"

पहिल्या रांगेतून गोदूबाईंचे यजमान काशिराम धावले. आम्ही तिघांनी त्यांना उचललं.

चार दिवस त्या आयसीयूत होत्या. अजून दोन तास उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

"बाटलीत काय होता गो? विष?" काशिरामांनी विचारलं.

"नाही हो, काका. जांभळाचा रसच असावा. घात केला तो इन्सुलिन बंद केल्यानं."

विष असतं तर दोष देणं त्यांना सोपं गेलं असतं.

म्हणून सांगते. जांभूळ खा, मजेत खा. फळांच्या अर्कांवर प्रयोगशाळांत काम चाललंय, चालू दे. उद्या काही सिद्ध झालं तर मीच पेढे वाटेन. पण वजन उतरलं की आधी विचारा, का उतरलं? आणि डॉक्टरांना न विचारता औषध बंद करा म्हणणाऱ्याच्या अंगावर कोट असो की भगवी कफनी, त्याला दारातूनच परत पाठवा. गोदूबाई वाचल्या, कारण त्यांच्या सुनेला शंका आली आणि ती गप्प बसली नाही.