लोंबते कान

टेक्सासच्या बारा गाभण गायी व्हर्लिनने स्वस्तात उचलल्या, तेव्हाच मी म्हटलं होतं, पोटात काय आहे ते विचार. माझा नवरा विचारणाऱ्यातला नाही. फेब्रुवारीत पहिली व्याली. वासरू काळंभोर आणि धिप्पाड, पण कान पार गालावर लोंबणारे. बाप वशिंडवाला, गरम मुलखातल्या ब्राह्मन जातीचा वळू, हे आमच्या डाकोटातलं शेंबडं पोरही सांगेल.

आमची वासरं घेणारा आर्नी टेट्झ कुंपणाशी थांबला.

"काय रे व्हर्लिन, ससे पाळायला लागलास?"

"दर सांग."

"असल्या कानांना वासरामागे शंभर डॉलर कमी. थंडीत टिकत नाहीत ही. गारठ्याने झडलेले कान चालतात. यंदा सगळ्यांचेच झडलेत, कोण विचारतंय?"

आर्नी हसत निघून गेला. व्हर्लिन हसला नाही.

गुरुवारी सकाळी, उणे पंचवीसमध्ये दुसरी व्याली. असं ओलं वासरू आम्ही लगेच गोठ्यातल्या गरम पेटीत घालतो. मी टॉवेल घेऊन निघाले तर व्हर्लिन दारात आडवा.

"राहू दे."

"अरे, ओलं आहे ते!"

"अर्धा तास. फक्त कान जाऊ देत, मग आण."

मी आरडाओरडा करायला हवा होता. पण उरलेल्या अकरा वासरांचे अकराशे डॉलर माझ्याही डोक्यात कधीचे घोळत होते. टॉवेल खाली ठेवून मी कॉफी ओतली. वासरू उभं राहायला बघत होतं, पडत होतं. लाज वाटते सांगायला, मी खिडकीकडे पाठ केली.

अर्ध्या तासाने त्याला पेटीत नेलं. मग थंडी ओसरली. दहा-बारा दिवसांनी कानांची टोकं झडली. उरले ते आखूड, गोलसर.

"बघ! ओळखेल का आता कोणी?" व्हर्लिन खुशीत होता.

पण वासरू मागच्या पायांवर उठेना. मी खूर धरला, तो हातातच हलला. कानांबरोबर पायही गारठ्याने गेले होते; खूर कातडीपासून सुटला होता. व्हर्लिनने वाकून पाहिलं आणि तो बंदूक आणायला गेला.

परत आला, हात धुतले. बाहेर पुन्हा उणे पंचवीस होतं आणि तिसरी गाय शेपूट वर करून कुंपणाच्या कडेने एकटीच फिरत होती.

"ही कधी विणार?" त्याने विचारलं.

"दुपारपर्यंत."

तो बराच वेळ हात पुसत राहिला. "या वेळी पंधरा मिनिटंच ठेवू."

"दहा," मी म्हणाले.