ब्रान्दुरचा हिस्सा

मित्रांनो, आकाराने मी टपालाच्या तिकिटाहून थोडीच मोठी आहे. अंग करडे आणि चपटे, पोटावरच्या चित्राचा एक कोपरा उडालेला. मी व्हिडिओ गेमची कॅसेट आहे. माझ्यासारख्या कॅसेटी आता बनत नाहीत.

माझ्या पोटात एक बेट आहे. खेळणाऱ्याने तिथे घर बांधायचे, झाडे लावायची, ओढ्यावर मासे धरायचे आणि शेजाऱ्यांशी गप्पा मारायच्या. शेजारी म्हणजे बोलणारे प्राणी. त्यांत एक म्हातारे पाणमांजर आहे. ते सदा धक्क्यावर बसलेले असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करते. मला ज्या हातात मावणाऱ्या, घडीच्या यंत्रात घालून खेळतात ते तुम्ही बंद केले तरी माझे घड्याळ थांबत नाही. बेटावर दिवस मावळतो, गवत वाढते, घरातले दिवे आपोआप लागतात, बघायला कोणी असो वा नसो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडले ते सारे यातूनच घडले.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती क्लाक्सविकच्या बंदरावरच्या सिमुनच्या दुकानाची. हे गाव उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर आहे; तिथे सगळेच जहाजाने येते, त्यामुळे सगळेच महाग. मी तर फारच महाग होते. मुले काचेच्या कपाटाला नाक लावत, किंमत वाचत आणि काचेवर वाफेचा डाग ठेवून निघून जात.

त्यांच्यात एक मोठा माणूसही असे. त्याचे नाव ब्रान्दुर. लांब दोरीला शेकडो गळ लावून मासे धरणाऱ्या एका बोटीवर तो कामाला होता. बोट बंदरात लागली की तो आधी माझ्यासमोर येऊन उभा राही.

"सिमुन, उतरली का किंमत?"

"ब्रान्दुर, हे दुकान आहे, संग्रहालय नाही. दर वेळी येतोस, बघतोस आणि जातोस."

"मग बघण्याचं तिकीट लाव. फक्त जरा स्वस्त ठेव."

"जहाजाचं भाडं, वर कर. माझ्या खिशात काय उरतं ते विचार एकदा!"

"तुझी चूक आहे असं कुठे म्हणतोय? नवी कॅसेट म्हणजे ताजा पाव. शिळा झाला की अर्ध्या किमतीत मिळतो आणि पोट तेवढंच भरतं. मी थांबतो."

आणि तो खरेच थांबला. पुढच्या वसंतात कपाटात नव्या कॅसेटी आल्या, मी खालच्या फळीवर गेले आणि माझी किंमत निम्मी झाली. तेवढेही पैसे त्याने एकट्याने टाकले नाहीत. त्याची धाकटी बहीण रान्वा शाळेत शिकत होती आणि मावसबहीण एय्दिस मासळीच्या कारखान्यात काम करत होती. तिघांनी सारखा वाटा टाकला आणि मला घरी नेले.

घरी आई होती, मार्युन. तिने मला दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात उलटसुलट बघितले.

"ही एवढीशी? एवढ्या पैशांत वाळवलेल्या मटणाची अख्खी मांडी आली असती."

"मांडी आठवड्यात संपते, आई. हिच्यावर आम्ही तिघं दोन वर्षं काढू."

"मांडी खाता तरी येते."

"अगं, आतापर्यंत मी एकही नवी घेतलेली नाही. एक खेळून झाली की विकायची, त्यात थोडे घालून दुसरी आणायची. नाहीतर दुसऱ्या बोटीवरच्या पोरांशी बदलायची. जगात माझ्याएवढा चिकट माणूस शोधून सापडणार नाही."

"चिकट खरा. किनाऱ्यावर असलास की घरातून हलत नाहीस," आई म्हणाली आणि मला त्याच्या तळहातावर टाकून बटाटे सोलायला गेली.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. तिघांनी माझ्या बेटावर तीन घरे बांधली. रान्वाचे टेकडीवर, एय्दिसचे ओढ्याकाठी, ब्रान्दुरचे धक्क्याजवळ. यंत्र सुरू केले की मी विचारत असे, "कोण आलंय?" आणि पडद्यावर तीन नावे येत. ज्याने आपले नाव दाबले तो आपल्या घरातून बाहेर पडे. ब्रान्दुर घरी आला की तासन्‌तास धक्क्यावर गळ टाकून बसे.

"समुद्रावर महिनाभर मासेच धरलेस ना? मग इथे पुन्हा तेच?" रान्वा चिडवायची.

"इथल्या माशांची आतडी काढावी लागत नाहीत," तो म्हणायचा. "आणि हात गारठत नाहीत."

ऑगस्ट लागताना त्याची बोट आइसलँडच्या बाजूला गेली. जाण्याआधी त्याने माझ्या बेटावर आपल्या दारापुढचे गवत काढले, पाणमांजराला एक मासा दिला आणि यंत्र बंद केले.

मी यंत्रातच होते. खिडकीजवळच्या मेजावर. म्हणून मला त्या सकाळचे आवाज आठवतात. आमच्या गावात कोणी समुद्रात दगावले की ती बातमी पाद्री घेऊन येतो. पाद्रीबाबा भरदिवसा काळा कोट घालून चढण चढताना दिसला की प्रत्येक घरातली बाई खिडकीशी येऊन थबकते आणि तो आपल्या दारावरून पुढे जावा म्हणून मनात धावा करते. मार्युन खिडकीत होती.  पावले जवळ आली. दाराशी थांबली.

"नाही," मार्युन दार उघडण्याआधीच म्हणाली. "पुढच्या घरी असेल. पुढच्या घरी बघा."

पण ते याच घरी आले होते. एका लाटेने ब्रान्दुरला डेकवरून उचलून नेले होते. दोन दिवस शोध घेतला, तो सापडला नाही.

त्यानंतर मला बराच काळ कोणी हात लावला नाही. घरात माणसे येत, हळू बोलत, केक तसाच ठेवून जात. माझ्या आत घड्याळ चालत राहिले.

एका दुपारी रान्वाने यंत्र उघडले. का, ते तिलाही माहीत नसावे. मी विचारले, "कोण आलंय?" तिन्ही नावे समोर आली. तिने घाईने आपले नाव दाबले. बेटावर संध्याकाळ होती. ब्रान्दुरच्या दारापुढे गुडघाभर गवत माजले होते आणि खिडकीत दिवा जळत होता. धक्क्यावरचे पाणमांजर तिला बघून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ब्रान्दुर बऱ्याच दिवसांत दिसला नाही. बरा आहे ना? त्याला म्हणावं, मी वाट बघतोय."

रान्वाने यंत्र खाटेवर फेकले आणि ती भिंतीला पाठ लावून बसली.

मित्रांनो, पाणमांजर दुष्ट नव्हते. कोणी येईनासे झाले की त्याची आठवण काढावी, एवढेच माझ्यात घातलेले आहे. आठवण कधी थांबवावी ते कोणी घातलेले नाही.

मार्युन दारात उभी होती. तिने सारे ऐकले होते.

"कोण विचारत होतं त्याला?"

"कोणी नाही, आई. खेळ आहे."

"मला दाखव."

आयुष्यात पहिल्यांदा तिने यंत्र हातात घेतले. पाणमांजराने तेच विचारले. तेच म्हणाले. मार्युनने चष्मा पुसला आणि पडद्याकडे झुकून ती मोठ्याने बोलली, "मीही बघतेय रे. मीही वाटच बघतेय."

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. रान्वाचे नाव दाबायला शिकली, टेकडी उतरायला शिकली. खिडकीतल्या दिव्याकडे बघत ती ब्रान्दुरच्या दारासमोर उभी राही. दार वाजवले की मी सांगत असे, "ब्रान्दुर आत्ता झोपला आहे. नंतर ये." ती मान हलवी आणि यंत्र हळूच मिटवी. घरात कोणी मोठ्याने बोलले तर म्हणे, "हळू. झोपलाय तो."

रान्वा हे ऐके आणि खोलीबाहेर निघून जाई.

आमच्या चर्चच्या आवारात समुद्रात गेलेल्यांच्या आठवणीचा दगड आहे. ज्यांना माती मिळत नाही त्यांची नावे त्याच्यावर कोरतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे मेणबत्त्या लावतात. पाद्रीबाबा नाव कोरायचे विचारायला आला तेव्हा मार्युनने त्याला कॉफी दिली, रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा वाढला आणि सांगितले, "त्याचा दिवा चालू आहे. दिवा चालू असलेल्या माणसाचं नाव दगडावर घालायचं नाही."

 पाद्रीबाबाने गार झालेली कॉफी संपवली आणि तो गेला.

नोव्हेंबर गेला. दगडावर नाव नव्हते. हिवाळा सरला तरी नव्हते. मार्युन शेजारणींकडे जाईना, विणायचे तिने सोडले. तिच्या हातात सतत मी असे.

एके दिवशी एय्दिस कारखान्यातून थेट आली. ती आणि रान्वा मेजापाशी उभ्या राहून बोलू लागल्या.

"सिमुनने निरोप दिलाय," एय्दिस म्हणाली. "ही कॅसेट आता कुठेच मिळत नाही. कोपनहेगनचा एकजण जुन्या कॅसेटी जमवतो, तो नव्याच्या दसपट द्यायला तयार आहे. पण आतलं सगळं पुसून हवी."

"दादाने निम्म्या किमतीला घेतली तेव्हा सिमुन त्याला हसला होता," रान्वा म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पैशांचं मरो. पण ही घरातून गेल्याशिवाय आई बरी होणार नाही."

"विकायची?" मार्युन आतून बाहेर आली. "कोणाची आहे ती?"

"आमची. तिघांची."

"मग दोघींनी कसं ठरवलंत? त्याचा हिस्सा आहे. त्याला विचारा."

"मावशी," एय्दिस रडकुंडीला आली, "त्याला कसं विचारणार गं?"

"मी विचारते," मार्युन म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

यंत्र उघडले. मी विचारले, "कोण आलंय?" तो गेल्यापासून ब्रान्दुरच्या नावाला कोणी बोट लावले नव्हते.

"आई, नको," रान्वा म्हणाली.

मार्युनने ब्रान्दुरचे नाव दाबले.

तो उठला. मित्रांनो, मला काही वेगळे करता येत नाही. ज्याचे नाव दाबाल त्याला मी उठवते. दार उघडले आणि तो गवतात उभा राहिला, अंगात निळा स्वेटर, त्याने स्वतः निवडलेला. पाणमांजर धावत आले. "आलास! किती दिवसांनी! कुठे होतास?"

तिघीही पडद्यावर वाकल्या. ब्रान्दुर उभा होता. पाणमांजर उत्तराची वाट बघत होते.

"बोल की," मार्युन कुजबुजली.

तो बोलला नाही. तिने उजवीकडे दाबले, तो उजवीकडे गेला. डावीकडे दाबले, डावीकडे आला. तिने बोट उचलले, तो जागच्या जागी थांबला. तिने त्याला धक्क्याच्या टोकापर्यंत नेले आणि तिथून वळवले, तो निमूट वळला. पुन्हा नेले. पुन्हा वळला.

मार्युनचे हात थांबले.

"हा ऐकतोय माझं," ती म्हणाली.

"आई…"

"म्हणेन तिकडे जातो. म्हणेन तिथून परततो." तिने यंत्र मेजावर ठेवले. "तो निघाला त्या दिवशी मी म्हटलं होतं, वारा फिरलाय, या फेरीला जाऊ नकोस. त्याने मला उचलून गोल फिरवलं आणि गेला. माझ्या ब्रान्दुरने जन्मात माझं एक ऐकलं नाही गं. हा तो नाही."

मग ती रडली. पाद्री आला तेव्हा रडली नव्हती, ती आता रडली. रान्वा आणि एय्दिसने तिला दोन्ही बाजूंनी धरले. पडद्यावर तो निळा स्वेटर तसाच उभा होता. कोणीतरी हात लांब करून यंत्र मिटले.

त्याच आठवड्यात मार्युन स्वतः चढण उतरून पाद्रीबाबाकडे गेली. नाव कोरले गेले. छिन्नीचा आवाज बंद होईपर्यंत ती तिथेच उभी होती, असे रान्वा सांगत होती.

"आता विकायची तर विका," ती घरी येऊन म्हणाली.

पण आता रान्वाच नाही म्हणाली. एय्दिसबरोबर कारखान्यात एक फिलिपिनो बाई काम करत होती. तिची मुलगी लिगाया सिमुनच्या कपाटाला नाक लावून उभी असे आणि घरी नव्या कॅसेटीचे नाव काढायची सोय नव्हती. मला तिला खेळायला द्यायचे ठरले. मात्र बेटावर तीनच घरांना जागा आहे. एक पुसल्याशिवाय चौथे होत नाही. रान्वाने टेकडीवरचे आपले घर पुसले. तिथे लिगायाने आपले बांधले.

थोड्या दिवसांनी लिगाया मला घेऊन मार्युनकडे आली.

"ते पाणमांजर मला रोज विचारतं, ब्रान्दुर कुठे आहे म्हणून. कोण आहे तो?"

"माझा मुलगा," मार्युन म्हणाली. "समुद्रात गेला."

"मग मी त्याला तसं सांगू?"

"सांगता येत नाही, बाळ. त्याला फक्त विचारता येतं."

"मग मी काय करू?"

मार्युनने तिच्यापुढे मुरंब्याची बशी सरकवली. "त्याने विचारलं की जरा वेळ थांबत जा. लगेच पळू नकोस. मग जा आपल्या कामाला."

लिगाया तसेच करते. पाणमांजर विचारते, ती थांबते, मग ओढ्याकडे जाते. तिला बेट आवडते. धक्क्याजवळच्या घरापाशी मात्र, संध्याकाळी खिडकीत दिवा लागला की, ती जात नाही.

मित्रांनो, गेम महाग असतात, हे मला काचेच्या कपाटातूनच समजले होते. तुम्ही थांबा, वाटून घ्या, जुनी घ्या, अदलाबदल करा, उसनी मागा. त्यात लाज नाही. पण जुनी कॅसेट हातात आली, यंत्राने विचारले, "कोण आलंय?" आणि पडद्यावर एखादे अनोळखी नाव दिसले, तर पुसायची घाई करू नका. ज्याच्याकडून घेतली त्याला एकदा विचारा, की हे कोण? कदाचित तो हसून म्हणेल, "कोणी नाही, खुशाल पुसा." मग पुसा. पण कुणाचे घर मोडण्याआधी दार तेवढे वाजवा.