वातानाबे-सानच्या बाहुल्या आणि मी

मी एक जुना पंप आहे. जपानमधल्या त्सुकुबा शहरात, एका घराच्या तळघरात, कोपऱ्यातल्या हातभर खोल खड्ड्यात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, आम्हा पंपांचं नशीबच विचित्र. सगळं कोरडं असेल तोवर आमची कुणाला आठवण नाही, आणि पाणी शिरलं की आमच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

ओसाकाच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. घरमालकीण वातानाबे-सान, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत वातानाबेबाई, यांच्या यजमानांनी तेवीस वर्षांपूर्वी मला इथे बसवलं. ते होते तोवर दर पावसाळ्याआधी माझी तपासणी व्हायची. ते गेले आणि माझी विचारपूसही संपली. वातानाबे-सान शेजारच्या लहान घरात राहायला गेल्या आणि हे घर त्यांनी अंबरीष आणि अनघा या मराठी जोडप्याला भाड्याने दिलं. माणसं चांगली. पण शेंगदाण्याची चटणी वाटताना मिक्सरचा आवाज शेजारी जातो म्हणून त्यांनी मिक्सर तळघरात आणला. भिंतीवर प्लगची जागा एकच. तिथून माझी पिन निघाली ती पुन्हा लागलीच नाही. चार वर्षं मी तसाच पडून होतो. राग आला होता, खोटं कशाला सांगू?

माझ्या शेजारी लाकडी पेट्यांची एक चळत होती. तिच्यात वातानाबे-सानच्या मुलीच्या बाहुल्या होत्या. इथे मार्चमध्ये मुलींचा सण असतो, तेव्हा रेशमी कपड्यांतल्या राजाराणीसह अख्खा दरबार मांडतात. ती मुलगी आता या जगात नाही. तिच्यामागे पेट्या कधी उघडल्याच नव्हत्या. यंदा मात्र वातानाबे-सान अंबरीषच्या नऊ वर्षांच्या जुईला म्हणाल्या होत्या, "आपण दोघी मिळून मांडू."

जानेवारीत जुईचे आजोबा, विलासराव, जालन्याहून आले. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या गावातला हा माणूस. एका संध्याकाळी त्यांना अंगणातला नळ बारीक वाहताना दिसला.

"एवढं चांगलं पाणी वाया चाललंय," असं म्हणत त्यांनी तो घट्ट आवळला.

माझ्या डोक्यावरच्या पाइपातली सळसळ थांबली. तो नळ वातानाबे-सान कडाक्याच्या थंडीत मुद्दाम वाहता ठेवतात. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. पण पंपाचं कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऊन पडलं. झरोक्याजवळ गोठून तडकलेल्या पाइपातला बर्फ वितळला आणि पाण्याची धार थेट आत कोसळू लागली. अंबरीष आणि अनघा कामावर गेले होते. शाळेला सुट्टी असल्यामुळे घरात फक्त आजोबा आणि नात होती.

"आजोबा, खाली मिझु! खूप पाणी!" जुई जिन्यावरून ओरडली.

विलासराव खाली आले, एकदाच वर पाहिलं आणि म्हणाले, "आधी मेन वॉल्व्ह. कुठं असतो इथं?"

दोघं अंगणात धावले. जमिनीतल्या निळ्या झाकणावरची अक्षरं जुईने वाचली, आजोबांनी वॉल्व्ह फिरवला. धार थांबली, पण तोवर पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं. दोघं मिळून पेट्या जिन्यावर ठेवू लागले. वरच्या सहा निघाल्या. सर्वांत खालची, राजाराणीची, दोघांना जागची हलेना. पाणी पेटीच्या बुटक्या पायांवरून चढून तिच्या तळाला टेकलं होतं.

तेव्हा कुठे विलासरावांची नजर माझ्या वायरीकडे गेली.

त्यांनी आधी हात कोरडे केले, मिक्सरची पिन काढली आणि माझी लावली. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने जोर लावला. नुसती घरघर झाली, पातं फिरेना. त्यांनी झटकन पिन काढली, मला बाहेर घेतलं आणि जाळी उघडली. आत केस, दोरे आणि चार वर्षांचा गाळ होता. जुईने टॉर्च धरला, आजोबांनी बोटांनी सगळं उपसलं. दरम्यान पेटीचं लाकूड पाणी पीत होतं, आणि ते मला दिसत होतं.

"फिर रे बाबा," ते मला म्हणाले.

मी फिरलो. अर्ध्या तासात फरशी दिसू लागली.

"पाइप फुटलाच कसा?" विलासराव पुटपुटले.

जुई हळूच म्हणाली, "आजोबा, बाहेरचा नळ... तो चालूच ठेवायचा असतो. थंडी आहे ना."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. तीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

जुईने बोलावल्यावर वातानाबे-सान आल्या. त्यांनी खालची पेटी उघडली. राजा कोरडा होता. राणीच्या लाल रेशमाचा काठ मात्र भिजून काळपट पडला होता. त्यांनी तो काठ बोटांनी चाचपला. मग जपानीत विचारलं, "नळ कुणी बंद केला?"

"काय म्हणतात त्या? सांग त्यांना, मीच केला," विलासराव म्हणाले.

जुईने मान खाली घातली आणि एका बोटाने स्वतःचं नाक दाखवलं. "वाताशी," ती म्हणाली. म्हणजे 'मी'. इथली माणसं 'मी' म्हणताना छातीवर हात ठेवत नाहीत, नाकाकडे बोट नेतात.

दोन्ही भाषा समजणारा तिथे दुसरा मीच होतो, आणि मला तोंड नाही. पण विलासरावांनी या खुणेचा अर्थ दोन आठवड्यांत बाजारात, स्टेशनवर पाहून ठेवला होता. त्यांनी नातीचं बोट हलकेच खाली घेतलं. मग स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं आणि कमरेपासून वाकले. बोट तसंच होतं. ते वर उठेनात.

वातानाबे-सान त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी जमिनीवर कोरडा टॉवेल पसरला, त्यावर राणीला निजवलं आणि भिजलेल्या रेशमाचं एक टोक स्वतः धरलं. दुसरं टोक त्यांनी विलासरावांच्या हातात दिलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना जपा, हे तर मी म्हणणारच. पण ज्या गोष्टीचं कारण कळत नाही, तिला हात लावण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि विचारायचं राहून गेलं, कुणाचं नुकसान झालं, तर आपलं बोट आपल्याच नाकावर ठेवा. ते तुमच्यासाठी दुसऱ्या कुणाला ठेवू देऊ नका.