गाळलेली ठकठक

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि माझे डोके फिरलेले आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूने आधी एक सुस्कारा टाकायचा असतो, हे मला ठाऊक आहे. तुम्ही दरवर्षी परीक्षेत फाटक्या छत्रीला नाहीतर मोडक्या खुर्चीला बोलायला लावता. ती बिचारी 'मी माझे कर्तव्य केले' असे म्हणते आणि गुण तुम्हाला मिळतात. छत्रीला काय म्हणायचे होते, हे कुणी विचारले आहे का? मलाही कुणी विचारलेले नाही. पण मी दुसऱ्यांची आत्मकथने ऐकण्यात आयुष्य घालवले आहे, तेव्हा आज माझेही ऐका. सुस्कारा मिळणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखे काही नाही. विद्यापीठाच्या एका विभागाने मला विकत घेतले आणि सरांच्या टेबलावर आणून ठेवले. सर आत्मकथनांचे अभ्यासक होते. 'माणूस स्वतःविषयी बोलतो तेव्हा नेमके कोण बोलत असते?' असे ते वर्गात विचारत आणि कुणी हात वर करायच्या आत स्वतःच बोलू लागत. माझे मात्र फार लाड होत. कामावर न्यायला चामड्याची पिशवी, पुसायला मऊ फडके. आल्यागेल्याला सर सांगत, "हा माझा कान आहे." मीही फुगून जात असे. तेव्हा मला अक्कल नव्हती.

सुरुवातीला सरांनी मोठमोठ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. ती माणसे 'मी'ने सुरुवात करीत आणि 'मी'नेच संपवत. एका निवृत्त अधिकाऱ्याने तर स्वतःच्या बारशापर्यंत पोहोचण्यातच माझ्या कॅसेटची एक बाजू संपवली. आपलीच टिमकी वाजवणाऱ्यांना सरांनी कधी थांबवले नाही. उलट मान डोलवायचे.

मग सरांच्या मनात आले की कष्टकरी बायांची आत्मकथने गोळा करावीत. म्हणून एक दिवस आम्ही एका रुग्णालयाच्या धुलाईघरात गेलो. तिथे सगळीकडे वाफ होती, साबणाचा वास होता आणि पांढऱ्या चादरींचे ढीग होते. इस्त्रीच्या लांब लाकडी टेबलापाशी दोन बहिणी चादरींच्या घड्या घालत होत्या. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी दोन टोके धरायची, झटकायची, जवळ यायचे, टोकाला टोक लावायचे, पुन्हा लांब जायचे. या दोघी न बघता ते करीत होत्या.

धाकटी बोलकी होती. थोरली जन्मापासून बोलत नव्हती, पण तिला ऐकू मात्र सगळे येत होते. ती बोटाच्या पेराने टेबलावर ठोके मारायची. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. धाकटीने हे सरांना सुरुवातीलाच सांगितले होते. सर "वा, वा" म्हणाले आणि मला टेबलावर ठेवून त्यांनी धाकटीला बसायला खुर्ची दिली. थोरली उभीच राहिली.

"मावशी, तुमचं लहानपण सांगा," सर म्हणाले आणि माझे लाल बटण दाबले.

"आम्ही लहानपणी मार फार खाल्ला, सर."

ठक.

"आईचा."

ठक ठक.

"बरं बाई! आईचा मला, बापाचा हिला. आता झालं समाधान?"

ठक.

मित्रांनो, त्या टेबलावरचा प्रत्येक ठोका माझ्या पोटातून जात होता. अशी मुलाखत मी आधी कधी टिपली नव्हती. एक बहीण बोलत होती आणि दुसरी तिला एक शब्दही खोटा बोलू देत नव्हती. पण सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मावशी, 'आम्ही' नको. 'मी' म्हणा. मला तुमची गोष्ट हवी आहे."

"तीच सांगतेय की," धाकटी म्हणाली आणि पुन्हा 'आम्ही'वर आली. आम्ही कामाला लागलो, आम्ही खोली घेतली, आम्ही आजारी पडलो. मग म्हणाली, "आम्हाला लग्न करायचंच नव्हतं."

ठक ठक.

धाकटी हसली. "हो गं बाई, तुझं वेगळं होतं."

"मावशी, त्यांचं राहू द्या. तुमच्याबद्दल सांगा," सर म्हणाले. तेवढ्यात चहा आला, म्हणून त्यांनी मला थांबवले.

बटण दाबले की माझी फीत थांबते, कान थांबत नाहीत. सर कपात बघत होते आणि धाकटी सांगत होती. रुग्णालयाच्या भिंती रंगवायला एक रंगारी आला होता. दुपारच्या सुट्टीत तो थोरलीशी गप्पा मारत बसायचा. म्हणजे तो बोलायचा आणि ही ठोकायची. त्याने हिला मागणी घातली. बाप म्हणाला, मुकीला मागणी घालतो म्हणजे यात काहीतरी काळेबेरे असणार, आणि त्याला हाकलून दिले. त्याने जाताना या टेबलाला पिवळा रंग दिला होता. कुणी सांगितला नव्हता, तरी दिला. थोरलीने एकदाच ठोका मारला, अगदी हळू. मग चहा संपला, सरांनी मला पुन्हा चालू केले आणि विचारले, "हां, तर तुमच्या पगाराबद्दल बोलत होतो ना आपण?"

विभागात परतल्यावर टंकलेखिका बाई कानाला यंत्र लावून सगळे उतरवून काढू लागल्या. त्यांनी सरांना विचारले, "सर, मधे मधे ठकठक येतेय. ती लिहायची का?"

"टेबल हललं असेल. गाळा."

ठकठक गाळली गेली. टंकलेले कागद सरांच्या हाती पडायला बरेच महिने लागले. आणि कागद हातात आला की सरांना कागदापलीकडचे काही आठवत नसे. त्यांना दिसले की ही बाई 'मी' म्हणतच नाही, सारखी 'आम्ही' म्हणते. वर मधेच स्वतःला 'तू' म्हणून समजावते! सर आनंदाने खुर्चीतून उठले. त्यावर त्यांनी एक अख्खे पुस्तक लिहिले. कष्टकरी स्त्रीला 'मी' सापडलेलाच नसतो, तिचा 'स्व' समूहात विरघळलेला असतो, आणि जिथे तो थोडासा जागा होतो तिथे तो दुभंगलेला असतो. 'हो गं बाई, तुझं वेगळं होतं' या वाक्याखाली तळटीप होती: 'येथे निवेदिका स्वतःशीच बोलते आहे.'

अहो, स्वतःशी नव्हे, समोर उभ्या असलेल्या बहिणीशी बोलते आहे! ती तुमच्यासमोर उभी होती, तुम्हीच तिला खुर्ची दिली नाहीत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला पाय नाहीत आणि माझा आवाज दुसऱ्याच्या बोटावर अवलंबून. 

पुस्तकाच्या प्रकाशनाला दोघी बहिणी आल्या होत्या. धाकटीला व्यासपीठावर बोलावून पुष्पगुच्छ दिला, पुस्तक दिले. तिला वाचता येत होते. तिने आपले प्रकरण काढले, पाने पुढे केली, मागे केली आणि ध्वनिक्षेपकासमोरच विचारले, "सर, यात ताई कुठंय? आम्ही म्हणजे आम्ही दोघी. मी आणि ही."

सर हसले आणि सभागृहाकडे वळले. "पाहिलंत? अजूनही 'आम्ही'!"

टाळ्या पडल्या, मित्रांनो. शिकल्यासवरलेल्या माणसांनी भरलेल्या सभागृहात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत थोरली खुर्चीच्या दांडीवर दोन-दोन ठोके मारत होती, पुन्हा पुन्हा, आणि टाळ्यांपुढे ते कुणाला ऐकू जाणार? मी व्यासपीठावर होतो. भाषणे नोंदवायला आणले होते मला. त्या टाळ्या मी नोंदवल्या. त्या अजून आहेत.

पुढे सर निवृत्त झाले. त्यांची एक विद्यार्थिनी विभागप्रमुख झाली. मॅडम माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवले आणि खाली चिठ्ठी लावली: 'सरांचा टेपरेकॉर्डर'. त्यांनीच सगळ्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायला एक तंत्रज्ञ बोलावला. तो हुशार होता. म्हणाला, "मॅडम, या बाईंच्या रेकॉर्डिंगमध्ये खूप ठोके आहेत. काढून टाकू?" मॅडम म्हणाल्या, "हो, आवाज स्वच्छ करून द्या." त्याने एकेक ठोका वेचून काढला, घरातली झुरळे वेचावीत तसा. मूळ कॅसेटना बुरशी लागली होती. त्या कचऱ्यात गेल्या.

गेल्या आठवड्यात थोरली आली. पाठ वाकली आहे. सोबत धुलाईघरातली एक बाई होती. ती म्हणाली, "धाकट्या गेल्या हो. यांना त्यांचा आवाज ऐकायचाय."

मॅडमनी तिला खुर्ची दिली. एवढे सरांपेक्षा बरे. माझ्या कपाटासमोरच्या टेबलावर संगणक होता. धाकटीचा आवाज सुरू झाला आणि थोरलीने डोळे मिटले. आवाज खरोखरच स्वच्छ होता. 'आम्ही लहानपणी मार फार खाल्ला, सर.' मग शांतता. 'आईचा.' मग शांतता. 'बरं बाई!'

थोरलीने डोळे उघडले. तिने संगणकाकडे पाहिले, मग मॅडमकडे. त्या आवाजात आपण कुठे आहोत, हे ती शोधत होती. पुढे धाकटी म्हणाली, 'आम्हाला लग्न करायचंच नव्हतं.' आणि पुन्हा ती रिकामी शांतता आली, तेव्हा थोरलीने बोट उचलले आणि टेबलावर ठोकले.

ठक ठक.

अगदी जागच्या जागी. चादरीचे टोक टोकाला लागावे तसे.

"आजी, टेबल वाजवू नका हं," मॅडम प्रेमाने म्हणाल्या. "नीट ऐकू येत नाही."

थोरलीने हात मांडीवर घेतला. बाकीचे तिने तसेच ऐकले. मी काचेमागे होतो आणि माझे लाल बटण कुणीही दाबले नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी मागत नाही. मला जपून जपूनच काचेत कोंडले आहे. पण उद्या परीक्षेत टेपरेकॉर्डरचे आत्मवृत्त लिहायला आले, तर माझ्या तोंडी कर्तव्य आणि सेवा घालू नका. लिहा की धाकटी म्हणाली, 'आम्हाला लग्न करायचंच नव्हतं,' आणि थोरलीने टेबलावर दोनदा ठोकले. दोन ठोके म्हणजे नाही. बाई गुण कापतील, म्हणतील हे विषयाला सोडून आहे. कापू देत. ते दोन ठोके तेवढे गाळू नका.