बिजलीराजचा चेहरा

संघदीप मेश्रामनं बिजलीराज पहिल्यांदा काढला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. साल १९९९. दवनीवाड्याहून रोज सायकलनं गोंदियाला जाऊन दुकानांच्या पाट्या रंगवायचा. नागपूरच्या एका लहानशा प्रकाशकाला हिंदी कॉमिक्ससाठी चित्रकार पाहिजे होता, म्हणून तो आपली वही घेऊन गेला. त्या वहीतला बिजलीराज वायरमन होता. काळासावळा, रुंद नाकाचा, अंगात खाकी शर्ट, कमरेला पक्कड, डाव्या हाताची करंगळी वाकडी. खांबावर करंट लागूनही न मेलेला, आणि त्या दिवसापासून अंगात वीज खेळवणारा.

"भाऊ, कपडे तरी बदला याचे," प्रकाशक म्हणाला.

संघदीपनं बदलले नाहीत. तो वायरमन म्हणजे त्याचा बाप होता.

भोजराज मेश्राम लाईन बंद करूनच खांबावर चढला होता. पण गावात कोणाच्या तरी घरी जनरेटर सुरू झाला आणि उलटा करंट तारेत आला. संघदीप तेव्हा पंधराचा. घरात बापाचा एकही फोटो नव्हता. जो होता तो ओळखपत्रावर, शर्टाच्या खिशात, आणि खिशासकट जळला.

पहिला अंक घरी आला त्या दिवशी रुक्माबाई, संघदीपची माय, तांदूळ पाखडत होती. तिला वाचता येत नव्हतं. पानं उलटत ती एका चित्रापाशी थांबली आणि त्या वाकड्या करंगळीवर बोट ठेवून बसली.

"हे तं तुहा बाबा होय रे."

अकरा अंक निघाले. मग घरोघरी केबल आली, कॉमिक्स कोणी घेईना, आणि प्रकाशकानं धंदा गुंडाळला. मूळ चित्रं त्याच्याकडंच राहिली आणि पुढं रद्दीत गेली. घरचे अंक या हातून त्या हाती फिरता फिरता गेले. दोन उरले होते, त्यांची वाळवीनं चाळणी केली. संघदीप पुन्हा पाट्यांकडं वळला. लग्न झालं, साक्षी झाली.

२०१२ साली गोंदियाच्या केबलवाल्या भूपेंद्रचा फोन आला. "अबे संघ्या, तेरा बिजलीराज टीव्ही पे आ रहा है! जपानवालों ने कार्टून बनाया है!"

संघदीपनं नागपूरला फोन लावला. प्रकाशक वारला होता. त्याच्या मुलानं सांगितलं, हो, हक्क विकले, तुमचं नाव येईल बहुतेक. एवढ्यावर संघदीपनं अख्ख्या मोहल्ल्याला सांगून टाकलं.

रुक्माबाईला काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आता तिला उजेड कळायचा, हालचाल कळायची, अगदी जवळून रंग कळायचे.

"चालते का गा तो त्याच्यात?" तिनं विचारलं.

"चालते, माय. बोलते बी."

"मंग मले टीव्हीजवळ बसव."

रविवारी सकाळी अकराला घर भरलं. शेजारची वच्छला आपली नातवंडं घेऊन आली. रुक्माबाई धुतलेलं लुगडं नेसून पडद्यापासून वीतभर अंतरावर बसली.

पडद्यावर काचेच्या इमारतींचं एक शहर आलं. त्यात शाळेचा टाय घातलेला एक गोरा मुलगा, उभे निळे केस, अर्ध्या चेहऱ्याएवढे डोळे. प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि मुलाच्या हातातून वीज निघाली. "मैं हूँ बिजलीराज!" तो ओरडला. संघदीप वाट पाहत राहिला. वाटलं, ही सुरुवात असेल, आता गोष्ट मागं जाईल.

मग एक वायरमन आला. खाकी शर्ट, लाल नाक, दारू पिऊन झुलणारा. तो खांबावर उलटा लटकला, त्याची पँट घसरली, तो "बचाओ, बचाओ" करत रडला, आणि निळ्या केसांच्या मुलानं त्याला एका बोटानं उचलून खाली ठेवलं. पोरं पोट धरून हसली. वच्छलाही हसली.

रुक्माबाईनं काचेला हात लावला. "हा का? खाकी दिसला मले."

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही, माय. तो नाही होय."

"मंग कोण होय?"

"कोणी नाही."

ती शेवटपर्यंत तशीच बसून राहिली. शेवटी नावं झरझर वर सरकली; संघदीपचं त्यात नव्हतं. उठताना वच्छला म्हणाली, "पण पोरायले आवडला ना गा."

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा नागपूरला फोन केला. "दादा," प्रकाशकाचा मुलगा म्हणाला, "आजकाल खाकी शर्टवाला हिरो कोण पाहते?"

मग संघदीपनं एक पांढरी पाटी घेतली. मायला दिसेल एवढा मोठा चेहरा काळ्या रंगात काढायचा, असं ठरवलं. नाक काढलं, कपाळ काढलं, पण चेहरा बापाचा होईना. पुसून पुन्हा काढला, तर स्वतःचाच आला. आठ दिवस हेच चाललं. अंक भराभर काढताना जो चेहरा हाताला बसला होता, तोही आता हातात नव्हता. शेवटी तो रुक्माबाईपाशी जाऊन बसला.

"माय, सांग ना, कसे दिसत बाबा?"

"नाक आठवते," ती म्हणाली. "करंगळी आठवते. पुरा माणूस नाही आठवत गा आता. तुह्या पुस्तकातलाच पाहत राहिलो ना इतके दिवस."

त्यानं पाटीवर चुना फिरवला.

जूनमध्ये साक्षीच्या शाळेनं बोलावलं. भिंतीवर बिजलीराज पाहिजे होता, तोच टीव्हीवरचा. साक्षीनंच वर्गात सांगितलं होतं, माझे पप्पा काढतात त्याला. सगळा वर्ग खिडकीत जमला होता. संघदीपनं दुपारपर्यंत निळे केस पुरे केले, टाय रंगवला. मॅडम बाहेर आल्या आणि डोक्यावर पदर धरून उन्हात उभ्या राहिल्या.

"भाऊ, छान झालं. डोळे तेवढे अजून मोठे करा."

"बरं," संघदीप म्हणाला आणि शिडीवर चढला.