बटाट्याची जाड सालं

माझ्या नाकावर राग असतो असं आमचे हे म्हणतात. असेल. पण त्या दिवशी सभेत मी उठून बोलले ते रागाने नाही, भीतीने.

मोठे भाऊजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, आमच्याच इमारतीत सगळ्यात वर राहतात. जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक. लोकांना वर-खाली नेण्यात आयुष्य गेलं आणि स्वतःच्या वाट्याला आली बिनलिफ्टची इमारत. जाऊबाई गेल्या आणि भाऊजींनी जिना उतरणंच सोडलं. मी ताट वर पाठवायची, ते तसंच परत यायचं. "भूक नाही," एवढंच बोलणं. ह्यांनी समजावलं, मी भांडूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी मागच्या मोकळ्या जागेत खताचे खड्डे करायचं काढलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण रोज दारोदार जाऊन भाजीचा कचरा गोळा कोण करणार, म्हटल्यावर सगळे मूग गिळून गप्प. नर्सबाई बिलंदर. त्या कचरा तोलायचा काटा घेऊन थेट भाऊजींच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "हा अडकतोय, जरा बघता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दाढीबिढी केलेले भाऊजी एका हातात बादली, एका हातात काटा घेऊन उभे. "कचरा," म्हणाले. मी डबा दिला आणि आत जाऊन रडून घेतलं.

तेव्हापासून ते रोज यायला लागले. डबा हातात घेतला की आधी आत डोकावायचे. भरलेला असला की चेहरा खुलायचा. "वा! आज चांगलंच निघालंय!" रिकामा असला की नुसतं "हं", आणि पाठ वळवून पुढच्या दाराकडे. ते "हं" मला ऐकवेना. मी बटाटे जरा जाड सोलायला लागले. मग कोबीची चांगली पानंही डब्यात जाऊ लागली.

"आज भाजी एवढीशीच?" ह्यांनी विचारलं.

"बटाटेच लहान मिळतात हल्ली," मी ठोकून दिलं.

एकदा समोरच्या शिंपीकाकांकडे सकाळी ब्लाउज आणायला गेले, तर काकू अख्खं गाजर डब्यात टाकत होत्या. मला बघून गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अगं, त्यांची यायची वेळ झाली आणि डब्यात काही नव्हतंच," त्या पुटपुटल्या. मग हळूहळू कळलं, सगळी इमारत एकाच माळेचे मणी. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून कोणी कोणाला बोललं नाही.

आसपासच्या वस्त्यांत अशी कामं करणारी बरीच मंडळं आहेत. ती वर्षातून एकदा जमतात आणि आपापलं काम सांगतात. नियम एकच, आधी फसलेलं सांगायचं, मग जमलेलं. यंदा सभा आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत होती. खड्ड्यांपलीकडच्या गल्लीतली बेकरीवाली पहिली उठली. "आम्ही शिळा पाव फुकट वाटायला लागलो, तर लोक पाव शिळा व्हायची वाट बघत बाहेर बसायला लागले," ती म्हणाली. सगळे पोट धरून हसले.

मग भाऊजी. इस्त्रीचा शर्ट, आवाज खणखणीत. "आमचं फसलेलं काही नाही. वर्षभरात गोळा होणारा कचरा दुप्पट झाला."

टाळ्या पडल्या. बेकरीवालीने मात्र भाबडेपणाने विचारलं, "इमारतीत माणसं वाढली का हो?"

"नाही."

"मग कचरा का वाढला? तो कमी व्हायला हवा ना?"

भाऊजींचे कान लाल झाले. आता हा माणूस वर जाणार आणि पुन्हा दार लावून घेणार, हे मला लख्ख दिसलं. मी उठले.

"फसलेलं आहे, आणि ते माझं आहे. भाऊजी, मी मुद्दाम जाड सालं काढते. तुम्ही खाली यावं म्हणून."

"मीसुद्धा," काकू म्हणाल्या. मागून नर्सबाईंनी हात वर केला. मग आणखी हात वर आले.

भाऊजींनी बरोबर आणलेला काटा चाचपला. "जन्मभर लिफ्टचं काम केलं मी," ते म्हणाले. "वजन कशाने वाढलं ते मला कळत नाही होय? चांगलं चांगलं निवडून घ्यायचो, धुऊन रात्री शिजवायचो. तुम्हाला सांगितलं असतं तर सालं पातळ झाली असती. मग मी कशाला उतरलो असतो?"

माझी ताटं परत पाठवणारा माणूस माझेच बटाटे जेवत होता. मला त्यांचा राग आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी मी बटाटे पातळ सोलले. डब्यात तळाशी थोडी सालं आणि चहाचा चोथा. रोजची वेळ टळली. जिन्यावर पाऊल वाजेना. ह्यांनी पेपर खाली ठेवला. मी गॅस बारीक केला आणि उगाचच ओटा पुसत बसले. कशाला बोललीस सभेत, असं स्वतःलाच दहादा विचारून झालं.

बेल वाजली.

भाऊजींच्या हातात ना बादली, ना काटा. डब्यात डोकावले. "वा," म्हणाले. "आज काहीच नाही." आणि आत येऊन खुर्ची ओढून बसले.

"भाजी कसली केलीस?"

"बटाट्याची."

"पूर्ण बटाट्यांची?"

"पूर्ण," मी म्हटलं आणि तिसरं ताट घेतलं.